वस्तीत कॅन्सर तपासणी सुरू करताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये कॅन्सर तपासणीचं काम नव्याने हाती घेणाऱ्या मंडळांसाठी, बचत गटांसाठी, आरोग्य सेविकांसाठी आणि नर्सिंग किंवा समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. ठाणे, पुणे, नागपूर, कुठल्याही शहरात थोडा फरक करून हे चालेल. उदाहरणं मात्र मुंबईची आहेत, कारण माझं काम इथलं आहे.

काम किती बाकी आहे ते आधी पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त 1.9 टक्के होत्या. स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या एक टक्कासुद्धा नाहीत. परळला टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे, आणि गोवंडी-मानखुर्दहून तिथे पोचायला लोकल आहे. अडतं ते अंतरामुळे नाही. दिवसाचा रोज बुडतो, लाज वाटते, नवऱ्याला काय सांगायचं कळत नाही, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे ‘मला काही होत नाही, मग कशाला जाऊ?’

हे काम वस्तीत होऊ शकतं, याचा पुरावाही मुंबईचाच आहे. टाटाच्या प्रतिबंधात्मक विभागाने 1998 पासून इथल्या झोपडवस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. ज्या भागांत तपासणी झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी घेतलेल्या बायकांना तेव्हा नुसतं आरोग्यशिक्षण मिळालं, यावर पुढे नैतिक प्रश्न उभे राहिले, आणि ते रास्त होते. पण वस्तीतली शिकलेली बाई हे काम नीट करू शकते, हे त्यातून पक्कं झालं.

पहिलं काम: पुढचं दार आधी उघडून ठेवा

शिबिराची तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा. तपासणीत जिच्यात काही संशयास्पद दिसेल ती बाई कुठे जाणार?

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बॅनर छापला जातो, पाहुणे येतात, शंभर-दीडशे बायका तपासल्या जातात, आणि ज्यांना पुढे जायला सांगायचं त्यांच्या हातात एक चिठ्ठी देऊन सगळे मोकळे होतात. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या घडीत जाऊन बसते. आता त्या बाईच्या मनात कॅन्सरची भीती आहे आणि पुढची वाट मात्र तिला माहीत नाही. असं शिबिर घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. वस्तीला लागू असलेल्या मनपाच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. वॉर्ड ऑफिसात वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मुंबईबाहेर असाल तर नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू करा. मग जवळच्या मोठ्या सरकारी किंवा मनपा रुग्णालयात प्रत्यक्ष जा आणि तीन विभाग गाठा: गर्भाशयमुखासाठी स्त्रीरोग, स्तनांसाठी शस्त्रक्रिया, तोंडासाठी दंत किंवा कान-नाक-घसा. तिथे विचारून घ्या: दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, कोणत्या वारी होते? तपासायला तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी केली, तर रिपोर्ट किती दिवसांत मिळतो? कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेतला भाग जाळून टाकण्याचं, म्हणजे थर्मल ॲब्लेशनचं, मशीन इथे आहे की दुसरीकडे पाठवता? आणि आमची बाई आली की तिने कोणाला भेटायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘ओपीडीत या’ असं असेल तर अजून थोडा वेळ थांबा. एखाद्या सिस्टरचं किंवा समाजसेवा अधिकाऱ्याचं नाव मिळेपर्यंत ते दार उघडलं असं धरू नका.

पैशांचंही आत्ताच पाहून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचे कागद पाहणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, त्याच्याशी ओळख करून घ्या. पण योजना मुख्यतः उपचारांसाठी आहे. निदान होईपर्यंतच्या सोनोग्राफी, बायोप्सीचा खर्च पुष्कळदा खिशातून जातो. त्यासाठी मंडळाकडे थोडी रक्कम बाजूला काढलेली हवी, नाहीतर बाई त्याच पायरीवर थांबते. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कुटुंबांकडे इथलं रेशनकार्ड नसतं. त्यांच्याकडे गावचं आयुष्मान कार्ड आहे का ते विचारा; ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं.

कोणाची, कोणती तपासणी

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सोप्या आहेत. 30 ते 65 वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी, आणि याच वयाच्या बाया-पुरुष सगळ्यांची तोंडाची तपासणी, दर पाच वर्षांनी. तिन्ही तपासण्या डोळ्यांनी आणि हातांनी होतात.

गर्भाशयमुखासाठी व्हीआयए. त्यात स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं उपकरण, लावून गर्भपिशवीचं तोंड पाहतात, त्यावर ॲसिटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. साधारणपणे तीन ते पाच टक्क्यांचं द्रावण वापरतात. ते त्याच दिवशी, शिकलेल्या माणसाने मोजून बनवलेलं हवं. पातळ न केलेलं ॲसिड कातडी भाजतं. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत. गरोदर बाईची आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची पुढे ढकलतात. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईत पाहायचा भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे तिथे व्हीआयएवर विसंबता येत नाही. तिला पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) चाचणीसाठी पाठवा.

एचपीव्ही चाचणी जास्त पक्की आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून तीच आधी करायला सांगते. त्यातलं नमुना घेण्याचं काम बाई स्वतः करू शकते, आडोशाला जाऊन, कोणी पाहत नसताना. ही चाचणी तुम्हाला कुठून मिळत असेल तर जरूर घ्या. मात्र आधी हे समजावून सांगायला शिका की हा विषाणू फार जणींना होतो, बहुतेकींचा आपोआप जातो, आणि तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही. हे नीट सांगितलं नाही तर एका रिपोर्टवरून घरात संशय आणि मारहाण होऊ शकते.

स्तनांसाठी शिकलेल्या हाताने तपासणी, काखेपर्यंत. मुंबईच्याच अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या साध्या तपासणीने स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. म्हणून आजी-सासूबाईंना मागे ठेवून फक्त तरुण सुनांना रांगेत उभं करू नका.

मॅमोग्राफीची व्हॅन दिसायला छान दिसते, आणि लोक ती मागतात. माझा सल्ला, सुरुवात तिच्यापासून करू नका. तरुण बाईत ती चित्रं नीट वाचता येत नाहीत, आणि नंतरच्या सोनोग्राफी-बायोप्सीची सोय नसेल तर नुसती धावपळ वाढते. आणि कोणी लॅबवाला ‘एका रक्ताच्या थेंबात सगळे कॅन्सर’ असं पॅकेज घेऊन आला तर त्याला वस्तीत येऊ देऊ नका. निरोगी माणसाची कॅन्सर तपासणी रक्तातल्या अशा मार्करवर, म्हणजे खुणांवर, होत नाही.

एक महत्त्वाचं: जिला आधीच त्रास आहे तिला शिबिरापर्यंत थांबवायचं नाही. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, स्तनात गाठ, बोंडीतून रक्त, तोंडातली तीन आठवड्यांत न भरलेली जखम. अशी बाई किंवा माणूस भेटला की सरळ रुग्णालय. एचआयव्ही असलेल्या बायकांनाही तिशीची वाट पाहायला लावू नका. त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि जास्त वेळा व्हायला हवी, त्यांच्या एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राशी, बोलून.

जागा आणि वेळ

इथे घाई केली तर बायका येत नाहीत, आणि मग ‘लोकांना जाणीव नाही’ असं म्हटलं जातं. आधी गल्लीचं वेळापत्रक शिका. पाणी किती वाजता येतं? त्या वेळेला कोणी घर सोडणार नाही. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारच्या मधे सापडतात. घरी बसून जरीकाम, पॅकिंग, बिंदी चिकटवणं असं काम करणाऱ्यांना नगावर पैसे मिळतात. त्यांना तासभर सोडवणं जमतं, अर्धा दिवस नाही. रमझानमध्ये आणि गणपतीच्या दिवसांत तपासणी ठेवू नका. मे महिन्यात अर्धी वस्ती गावी असते.

जागा अंगणवाडी, समाजमंदिर, मनपा शाळेचा वर्ग, कुठलीही चालेल, पण दाराला आतून कडी हवी, खिडकीला पडदा हवा आणि जवळ संडास हवा. टेबलाचं तोंड दाराकडे नको. उजेड चांगला हवा; पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग ओळखता येत नाही. आत फक्त बायकाच असतील, हे दारावरच सांगा. जवळच मनपाचा ‘आपला दवाखाना’ किंवा आरोग्य केंद्र असेल तर तपासणी तिथेच ठेवा, म्हणजे बायकांना पुढच्या वेळी जायची सवय होते.

प्रत्येक बाईला वेगळं निर्जंतुक स्पेक्युलम. ती किती आहेत त्यावरून दिवसाचा आकडा ठरवा. वीस स्पेक्युलम असतील तर वीस बायका. एकविसावीला दुसऱ्या दिवशीची वेळ द्या.

घरोघरी जाऊन बोलणं

तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म (सवयी आणि त्रास विचारून जोखीम नोंदवायचा कागद) भरतात तो तुमच्या कामाचा पाया आहे. त्यांना सोबत घ्या. त्या वर्षानुवर्षं ज्या दारात उभ्या आहेत तिथे तुम्ही पाहुणे आहात.

बोलण्याचे शब्द वस्तीचेच हवेत. ‘गर्भाशय ग्रीवा’ कोणाला कळत नाही, ‘पिशवीचं तोंड’ सगळ्यांना कळतं. आणि तंबाखूचा प्रश्न विचारताना फार सांभाळा. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की पन्नाशीची मावशी ठामपणे ‘नाही’ म्हणते, आणि ते तिच्या दृष्टीने खरंच असतं. मग विचारा, ‘मावशी, दात कशाने घासता?’ ती आत जाऊन मिश्रीचा डबा घेऊन येते. ‘किती वेळा लावता?’ सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, काम उरकल्यावर एकदा, आणि रात्री झोपताना. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. तिथेच उन्हाकडे तोंड करून बसवा, तोंड उघडायला सांगा, गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरलेली जखम. उघडलेल्या तोंडात तिची स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील तर तेही लिहून घ्या. गुटखा-मावा खाणाऱ्या तरुण मुलांमध्ये हे फार दिसतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते वस्तीतल्या पोरांना ठाऊक असतं.

पुरुष शिबिरात येत नाहीत. त्यांच्याकडे जावं लागतं: मजूर नाका, रिक्षा स्टँड, सकाळी कामावर निघायच्या आधी. बीपी आणि साखर मोजतो म्हटलं की थांबतात, आणि मग तोंड पाहता येतं. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांची तोंडं अशी नियमित पाहिल्याने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. बीपीच्या निमित्ताने बोलवा, पण तपासणी कशाची आहे हे मात्र लपवू नका. ‘कॅन्सर’ शब्द टाळून कोणाचीही आतून तपासणी करायची नाही. काय करणार, किती वेळ लागेल, दुखेल का, काही निघालं तर पुढे काय, हे आधी सांगा आणि मग विचारा. एखादी बाई आतल्या तपासणीला नको म्हणाली तर स्तनांची आणि तोंडाची करा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.

तपासणीच्या दिवशी

नोंदणीच्या टेबलावर गर्दी झाली की सगळं बिघडतं. ‘पांढरं जातं का?’ हा प्रश्न रांगेसमोर विचारायचा नसतो. नाव-पत्ता बाहेर, बाकी सगळं पडद्याआड. पत्ता लिहिताना ‘रूम नंबर’ पुरत नाही: गल्ली, जवळची खूण, घरमालकाचं नाव, बाईला गल्लीत कोणत्या नावाने हाक मारतात, गावचा पत्ता, हे सगळं लिहा. भाड्याची खोली अकरा महिन्यांत बदलते. फोन नंबर दोन घ्या, आणि प्रत्येकापुढे तो कोणाचा आहे आणि त्यावर तपासणीविषयी बोललं तर चालेल का, हे लिहा. फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो.

लहान मुलं सांभाळायला एक जण नेमा. बायकांचे फोटो काढू नका. रिपोर्टचे किंवा आधारकार्डाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, डॉक्टरांच्या ग्रुपवरसुद्धा.

निकाल सांगणं आणि सोबत जाणं

तुमचा सर्वात जास्त वेळ इथे जायला हवा. मुंबईच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, तिथे बोलावलेल्यांपैकी 89 टक्के बायका तपासणीला आल्या, आणि संशयित निघालेल्यांपैकी 79.4 टक्के पुढच्या निदानापर्यंत पोचल्या. पगारी, शिकलेली माणसं आणि टाटासारखं रुग्णालय पाठीशी असून पाचातली एक मागे राहिली. मग आपल्यासारख्यांना किती जोर लावावा लागेल याचा अंदाज करा.

निकाल सगळ्यांना सांगायचा, चांगला असेल त्यांनाही. सगळ्यांना सारखंच बंद पाकीट द्या, म्हणजे कोणाला काय निघालं हे गल्लीला कळत नाही. जिच्यात काही दिसलं तिला एकटीला, बसवून सांगा: ‘ताई, हा कॅन्सर आहे असं नाही. एक डाग दिसलाय. दुर्बिणीतून पाहिल्यावर नक्की कळेल. बुधवारी मी तुमच्याबरोबर येते.’ वार आणि सोबत, दोन्ही त्याच वाक्यात यायला हवेत. ‘दाखवून या’ म्हणून सोडून दिलं तर जाणं राहून जातं.

पहिल्या खेपेला खरंच सोबत जा. केसपेपरची रांग, कोणत्या मजल्यावर कोणती खोली, आत काय बोलायचं, हे एकदा पाहिलेली बाई दुसऱ्यांदा एकटी जाऊ शकते. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि दोन्हींच्या झेरॉक्स आदल्या संध्याकाळी पिशवीत भरून घ्या. घरकाम करणारी असेल तर तिला चालत असल्यास मालकिणीला फोन करा; ‘दवाखान्यात नेतोय, पगार कापू नका’ एवढं म्हटलं तरी पुष्कळदा ऐकतात. कारण सांगायची गरज नाही.

कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली आणि तो भाग जाळून टाकला, तर ते काम थोड्या मिनिटांचं असतं, भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते. खरी अडचण घरी सुरू होते. काही दिवस पाण्यासारखं जातं, आणि साधारण चार आठवडे संबंध टाळायचे असतात. हे नवऱ्याला कोण सांगणार? पुष्कळ बायका याच एका कारणासाठी उपचार टाळतात, आणि तोंडाने कारण मात्र ‘गावी जायचंय’ असं सांगतात. म्हणून उपचाराआधीच तिला विचारा: ‘घरी तुम्ही बोलाल, की डॉक्टरांनी बोलावं?’ ती म्हणाली तरच नवऱ्याला बोलवा, आणि त्याच्याशी डॉक्टर किंवा वस्तीतला समजूतदार पुरुष कार्यकर्ता बोलू द्या. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीने ‘चार आठवडे विश्रांती’ लिहून घेतलं तरी बऱ्याच घरांत भागतं.

कॅन्सरच निघाला तर आरोग्यमित्राकडे कागद त्याच दिवशी द्या. उपचार महिनोन्‌महिने चालतात. प्रवास, जेवण, मुलांची शाळा यांचा विचार बचत गटात करा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. सांगा.

वही

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. एक जाड वही घ्या आणि संशयित निघालेल्या प्रत्येकीला एक पूर्ण पान द्या: काय दिसलं, कुठे पाठवलं, कोण सोबत गेलं, दुर्बिणीत काय निघालं, तुकड्याचा रिपोर्ट, उपचार, पुढची तारीख. दर शनिवारी दोघींनी मिळून ही पानं चाळायची, आणि ज्या पानावर पुढची तारीख उलटून गेली आहे त्या घरी सोमवारी जायचं. वही कुलपात ठेवा. अहवाल मागणाऱ्यांना ‘किती तपासल्या’ याच्या आधी ‘किती पाठवल्या आणि त्यातल्या किती उपचारापर्यंत पोचल्या’ हा आकडा द्या, मग तो कितीही लहान असो. नवीन वस्ती घ्यायची की नाही हेही त्यावरूनच ठरवा: वहीत अर्धवट राहिलेली पानं असतील तर आधी ती पूर्ण करा, दुसऱ्या वस्तीची तारीख त्यानंतर. आणि ज्यांचं सगळं ठीक निघालं त्यांची नावं पाच वर्षांनंतरच्या महिन्याखाली लिहून ठेवा, आणि त्या यादीची एक प्रत आशाताईंकडे द्या.